वाचक विचारतात : ट्रेलरला हिच कुठली घ्यावी, आणि मुळात का घ्यावी

गेल्या अंकात कॅम्पिंगवरचा लेख छापला तेव्हा वाटलं होतं की प्रश्न येतील ते कुठल्या पार्कात रिझर्व्हेशन कधी उघडतं, पाणी-विजेचं हूकअप कुठे मिळतं असले. आले ते जवळजवळ सगळे हिचचे, म्हणजे ट्रेलर गाडीमागे जोडणाऱ्या लोखंडी सांध्याचे. ट्रेलर घेतला किंवा घ्यायचं ठरलंय, आता तो गाडीमागे जोडायचा कसा, डीलर एक सांगतो, यूट्यूबवाला दुसरंच सांगतो, आणि बायको विचारते एवढे पैसे त्या लोखंडाला कशाला. तर हा महिना त्या लोखंडाचा. प्रश्न थोडे कापलेत, नावं काढलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न : २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतोय, ओढायला फोर्डचा एफ-१५० ट्रक आहे. डीलर म्हणतो वेट डिस्ट्रिब्युशन (वजन वाटणारी) हिच घ्याच. ऑफिसातला मित्र म्हणतो काही गरज नाही, मागच्या सस्पेन्शनला एअरबॅग (हवेची पिशवी) टाक, ट्रकची शेपूट वर येते, झालं काम. कोणाचं ऐकू? (कोलंबस, ओहायो)

उत्तर : डीलरचं ऐका. तो त्याच्या विक्रीसाठी सांगत असेल, पण या बाबतीत सांगतोय ते बरोबर आहे.

आधी हे बघा की ट्रेलर जोडल्यावर ट्रकचं होतं काय. ट्रेलरचा पुढचा दांडा ट्रकच्या मागच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, जेवढा भार टाकतो ते टंग वेट, समजा ८०० पौंड. आता हा बॉल मागच्या चाकांच्या बरोबर वर नसतो, त्यांच्याही मागे साधारण ५ फुटांवर असतो, आणि पुढची-मागची चाकं यांच्यात अंतर असतं साधारण १२ फूट. म्हणजे झाली तरफ, मागचं चाक टेकू. गणित केलं तर पुढच्या चाकांवरचे सुमारे ३३३ पौंड उचलले जातात आणि मागच्या चाकांवर ८०० नाही, ११३३ पौंड वाढतात. जिथे स्टिअरिंग आहे आणि ब्रेकचं जास्त काम जिथे होतं तीच चाकं हलकी झाली. गाडी तरंगल्यासारखी वाटते, पावसात वळणावर पुढची चाकं सरळच जायला बघतात, आणि रात्री तुमचे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात.

एअरबॅगने काय होतं तर मागची बॉडी वर येते, ट्रक दिसायला सपाट दिसतो, पण चाकांवरचं वजन जिथल्या तिथेच राहतं. पुढचे ३३३ पौंड गेले ते गेलेच. मित्राला एवढंच विचारा की एअरबॅग लावल्यावर काट्यावर पुढच्या एक्सलचा आकडा किती आला होता.

वेट डिस्ट्रिब्युशन हिचमधे दोन जाड स्प्रिंग बार असतात, हिचच्या डोक्यातून निघून ट्रेलरच्या पुढच्या तिकोनी दांड्याखाली (ए-फ्रेमखाली) मागे जातात, तिथे साखळीने किंवा ब्रॅकेटवर वर ओढून ताणले जातात. ते ताणले की मधल्या सांध्याला पीळ बसतो आणि मागच्या चाकांवरचा काही भार पुढच्या चाकांवर परत जातो, थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो. वरच्याच उदाहरणात पुढच्या हरवलेल्या वजनापैकी निम्मं परत आणलं, म्हणजे १६५ पौंडांच्या आसपास, तर ट्रेलरच्या एक्सलवर साधारण ८५-९० जातात आणि मागच्या चाकांवरून अडीचशे पौंड उतरतात. एवढंच ती हिच करते, पण तुमच्या २६ फुटी ट्रेलरला एवढं हवंच.

प्रश्न : ६००, ८००, १०००, १२०० पौंड अशा साइज दिसतात. ट्रेलरच्या ब्रोशरमधे हिच वेट ६४० लिहिलंय तर ८०० ची पुरेल ना? ट्रकची टोइंग कपॅसिटी ११,००० पौंड आहे त्यामुळे तिकडून काळजी नाही. (फ्रिस्को, टेक्सास)

उत्तर : काळजी तिकडूनच आहे हो. तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रोशरमधलं ६४० हे रिकाम्या ट्रेलरचं टंग वेट. रिकामा म्हणजे खरोखर रिकामा, त्यात बॅटरी धरलेली असेलच असं नाही, गॅस भरलेला असेलच असं नाही. आता २० पौंडी प्रोपेनचे दोन सिलिंडर भरले की टाकीच्या वजनासकट प्रत्येकी ३७ पौंडांच्या आसपास, ते दोन्ही दांड्यावरच बसतात. बॅटऱ्या दांड्यावर. पुढच्या स्टोरेजमधे खुर्च्या, चटया, होज, लेव्हलिंगचे ठोकळे, आणि आपल्या लोकांचं म्हणजे दहा किलो तांदूळ, कुकर, तवा, मिक्सरसुद्धा. गोड्या पाण्याची ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड, आणि ती एक्सलच्या पुढे असेल तर टंग वेट वाढतं, मागे असेल तर घटतं. त्यामुळे ब्रोशरचा आकडा विसरा. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के टंगवर असायला हवं, हिशेबाला १३ धरा. ट्रेलर भरून ७००० झाला तर टंग ९१०.

शिवाय ट्रकच्या बेडमधे, म्हणजे मागच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या मागे जे ठेवणार तेही बारना पेलायचं असतं, जनरेटर, लाकडं, कूलर. म्हणजे ९१० मधे ते मिळवा, हजाराच्या आसपास गेलात. ८०० चे बार तुम्हाला कमी पडतील, १००० वाले घ्या, आणि बेड नेहमीच भरलेला राहणार असेल तर १२००. पण "असू दे मोठी" म्हणून उगाच १४०० चे घेऊ नका, बार फार ताठ असले की खड्ड्याखड्ड्याला ट्रेलरच्या फ्रेमला हिसके बसतात.

आता ते ११,०००. हा आकडा कंपनीच्या चाचणीतला आहे. एसएई जे२८०७ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात ट्रकमधे ड्रायव्हर आणि एक प्रवासी, दोघे १५० पौंडांचे, असं धरतात. तुमची दोन मुलं, त्यांच्या सायकली आणि बेडवरचं कव्हर त्यात नाही. तुम्हाला बघायचाय तो आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर चिकटवलेल्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर असतो, माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये असं लिहिलेला. हाच पेलोड, आणि एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत तो बराच वेगळा असतो, सनरूफ, मोठी चाकं, महागडं ट्रिम घेतलं की कमी होत जातो. समजा तुमचा १५०० निघाला. टंग ९१०, हिच स्वतःच १०० च्या आसपास, चौघं माणसं मिळून ५००, बेडमधलं सामान १५०. बेरीज १६६०. ट्रेलर अजून ११,००० च्या जवळपाससुद्धा नाही आणि तुम्ही १६० पौंडांनी वर गेलात.

कुणी म्हणेल हिचने वजन वाटलं जातं ना, मग पेलोड वाढला की. नाही वाढला. थोडा भार ट्रेलरच्या एक्सलवर जातो हे खरं, पण ते ८५-९० पौंड, आणि कंपनीने स्टिकर लावताना तुमच्या हिचचा विचार केलेला नसतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. ट्रेलर अजून घेतला नसेल तर लहान ट्रेलर बघा, घेतला असेल तर सामान ट्रकमधून काढून ट्रेलरमधे एक्सलच्या आसपास ठेवा आणि पुन्हा वजन करा.

एक शेवटचं, ट्रकच्या खाली वाकून रिसीव्हरवरचं, म्हणजे हिच ज्यात बसते त्या चौकोनी नळीवरचं, लेबल वाचा. त्यावर दोन ओळी असतात, नुसत्या बॉलसाठी एक मर्यादा आणि वेट डिस्ट्रिब्युशन लावल्यावर दुसरी. नुसत्या बॉलला ५०० पौंड टंग आणि ५००० पौंड ट्रेलर हे बरेच ठिकाणी दिसतं, म्हणजे तुमच्यासाठी ही हिच घ्यावी की नाही हा मुद्दा तिथेच संपतो.

प्रश्न : टंग वेट घरी मोजता येतं का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : येतं. बाथरूमचा काटा, एक विटांची चळत आणि जाड फळी. फळीचं एक टोक विटांवर, दुसरं काट्यावर, दोन टेकूंमधे अंतर ४ फूट. ट्रेलरचा दांडा फळीवर अशा जागी टेकवायचा की विटांपासून १ फूट आणि काट्यापासून ३ फूट. काट्यावर जे येईल ते गुणिले ४. काटा २१२ दाखवतोय तर टंग ८५० च्या आसपास. मोजताना ट्रेलर सपाट हवा, चाकांना ठोकळे हवेत, आणि ट्रेलर प्रवासाला भरतो तसा भरलेला हवा, रिकामा मोजून काय उपयोग.

याहून बरं म्हणजे हायवेवरच्या ट्रक स्टॉपचा मोठा वजनकाटा, कॅट स्केल. फार खर्च येत नाही, आणि पुढचा एक्सल, मागचा एक्सल, ट्रेलर असे तीन आकडे वेगवेगळे छापून मिळतात. तीनदा वजन करा. आधी बार लावून, मग बार सोडवून, मग ट्रेलर पार्किंगमधे ठेवून नुसता ट्रक. बार सोडवलेल्या वेळची ट्रकच्या दोन्ही एक्सलची बेरीज वजा नुसता ट्रक म्हणजे तुमचं टंग वेट. आणि पहिल्या पावतीतला पुढचा आकडा तिसऱ्या पावतीशी ताडून बघितला की हिच नीट बसलीये की नाही तेही कळतं. मागे ट्रकवाले रांगेत असतात, फोटो काढत बसू नका.

प्रश्न : ब्रँड कुठला? दहा जणांना विचारलं, दहा नावं आली. (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

उत्तर : नावापेक्षा ती हिच ट्रेलरचं डावी-उजवीकडे डुलणं कसं थांबवते ते बघा, कारण वजन वाटायचं काम बहुतेक सगळ्याच जमवतात.

सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे साखळीवर टांगलेले बार आणि बाजूला वेगळा फ्रिक्शन बार, जो ब्रेक-पॅडसारखा घासून डुलणं दाबतो. लहान ट्रेलरला चालतं, पण बऱ्याच कंपन्या तो रिव्हर्स घेण्याआधी काढायला सांगतात आणि निसरड्या रस्त्यावर सैल करायला सांगतात, आणि पावसात कॅम्पग्राउंडच्या जागेवर शिरताना ते कोणाला आठवतं?

त्याच्या वर इक्वलायझर, रीसची ड्युअल कॅम, ब्लू ऑक्सची स्वेप्रो, हस्कीची सेंटरलाइन असला वर्ग. डुलणं थांबवायचं काम बारमधेच किंवा ब्रॅकेटमधेच असतं, वेगळा दांडा नाही. इक्वलायझर चार ठिकाणी घर्षण देते, बार ब्रॅकेटवर घासत सरकतात आणि डोक्यातही घासतात, आवाज करते पण काम चोख. स्वेप्रो बारच्या ताणानेच ट्रेलर मधे खेचून ठेवते, आवाज कमी. २४ ते ३० फुटांच्या आणि सात-आठ हजार पौंडांच्या ट्रेलरला, म्हणजे आपल्यातले बहुतेक जण घेतात त्याला, मी याच वर्गातलं काहीही घ्या म्हणेन, जवळच्या दुकानात ज्याचे पार्ट मिळतात ते.

अँडरसनची हिच वेगळी, बारऐवजी साखळ्या आणि मागे युरेथेनचे स्प्रिंग, एकूण वजन ६० पौंडांच्या आसपास, ग्रीस नाही, किरकिर नाही. ज्यांची पाठ दुखते त्यांना फार आवडते. पण टंग जड असलं तर पुढच्या चाकांवर वजन परत आणायला ती तोकडी पडते असं वापरणारे बरेचजण सांगतात. पाच हजार पौंडांच्या हलक्या ट्रेलरला जरूर बघा.

आणि मग हेन्स्ली आणि प्रोप्राइड. यांत घर्षण नाही, डोक्यात चार दांड्यांची अशी जोडणी आहे की ट्रेलर जणू मागच्या एक्सलच्या जवळ जोडलाय असं वागतो, त्यामुळे वाऱ्याने ट्रेलर स्वतःहून वळूच शकत नाही. काम अफलातून. किंमत तीन हजार डॉलरच्या आसपास आणि वर, वजन दोनशे पौंडांच्या आसपास, आणि ते वजन पेलोडमधून जातं. ३२-३४ फुटी ट्रेलर घेऊन वर्षातले चार महिने रस्त्यावर असाल तर घ्या. लाँग वीकेंडला लेक टाहोला जायला नको.

प्रश्न : टोयोटा हायलँडर आहे, १८ फुटी हलका ट्रेलर बघतोय. ही हिच लावली तर थोडा मोठा घेता येईल का? (मिसिसागा, कॅनडा)

उत्तर : मोठा नाही घेता येणार. हिचने गाडीची मर्यादा वाढत नाही. तुमची पेट्रोल असेल तर टोइंग पॅकेजसकट ५००० पौंडांपर्यंत, हायब्रिड असेल तर ३५००, तिथेच थांबा. आणि हिच विकत घ्यायच्या आधी ओनर्स मॅन्युअलमधलं टोइंगचं प्रकरण वाचा. काही युनिबॉडी एसयूव्हींच्या मॅन्युअलमधे ही हिच वापरू नका असं साफ लिहिलेलं असतं, कारण बारचा पीळ रिसीव्हरमधून थेट बॉडीच्या पत्र्यात जातो, ट्रकसारखी खाली वेगळी चेसिस नाही ना. काही मॅन्युअलमधे ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा असते, उंच ट्रेलर वजनाने हलका असला तरी वाऱ्याला भिंत असते.

प्रश्न : मार्केटप्लेसवर वापरलेली हिच निम्म्या किमतीत मिळतेय. घेऊ का? (नेपरव्हिल, इलिनॉय)

उत्तर : घ्या, पण बघून. लोखंड आहे, सहजी खराब होत नाही, बहुतेक लोक ट्रेलर विकताना विकतात. बारवरचं रेटिंग वाचता येतंय का बघा, नसेल तर सोडून द्या. बॉल २ इंच आहे की २ ५/१६ हे ट्रेलरच्या कपलरशी, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या खोबणीशी, जुळवा, मोठ्या ट्रेलरना २ ५/१६ लागतो. शँक, म्हणजे रिसीव्हरमधे जाणारा चौकोनी दांडा, २ इंची आहे की अडीच. त्याचा ड्रॉप, म्हणजे तो बॉल किती खाली नेतो ते, तुमच्या ट्रकच्या उंचीला जुळतो का, नसेल तर नवीन शँकचे पैसे धरा. डोक्याला जिथे वेल्डिंग आहे तिथे ब्रशने गंज काढून चीर शोधा, ब्रॅकेट जिथे घासतात तिथे किती झिजलंय ते बघा. डोकं कलतं करायचे वॉशर हरवलेले असले तर विकणाऱ्याने स्वतः ती कधी नीट बसवली नव्हती असं समजा आणि भाव अजून पाडा.

प्रश्न : डीलरने बसवून दिली, पण स्टिअरिंग अजून हलकंच लागतंय. त्यांना फोन केला तर म्हणाले सवय होईल. (शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

उत्तर : सवय कशाची करायची? डीलरकडे बसवतात ते बहुतेक वेळा रिकाम्या ट्रेलरवर आणि रिकाम्या ट्रकवर, लॉटमधे, घाईत. तुम्ही पुन्हा बसवा, शनिवारची सकाळ आणि एक मेजर टेप पुरते.

ट्रक आणि ट्रेलर प्रवासासारखे भरा, घरच्यांनाही ट्रकमधे बसवा, मुलं कंटाळतील, आयपॅड द्या. सपाट जागा हवी, सोसायटीचा पार्किंग लॉट उत्तम. ट्रेलर न जोडता पुढच्या चाकाच्या मधोमध जमिनीपासून फेंडरच्या कमानीपर्यंत उंची मोजा, समजा ३६.५ इंच. मग ट्रेलर जोडा, बार न लावता, पुन्हा मोजा, समजा ३७.५. एक इंच उचललं. आता बार लावून मोजा. किती खाली यायला हवं ते तुमच्या ट्रकचं मॅन्युअल सांगतं, बरेच कंपनीवाले हल्ली निम्मं म्हणतात, म्हणजे ३७ आला की थांबायचं. काही मॉडेलना पूर्ण परत आणा म्हणतात. पण ३६.५ च्या खाली कधीच नाही न्यायचं. लोकांना वाटतं जेवढं घट्ट तेवढं चांगलं, तर तसं नाही, बार फार ताणले की मागची चाकं हलकी होतात, आणि ओल्या उतारावर ब्रेक मारला की ट्रेलर मागून ढकलतो आणि ट्रक आडवा होतो.

तुमचं ३७.२ किंवा ३७.३ वरच अडकलंय असा माझा अंदाज. साखळीवाली हिच असेल तर एक कडी आखडा, ब्रॅकेटवाली असेल तर ब्रॅकेट एक भोक वर घ्या, तेवढ्याने नाही जमलं तर डोक्यात एक वॉशर वाढवून डोकं मागे कलतं करा. प्रत्येक बदलानंतर जोडून, थोडं पुढे-मागे चालवून मग मोजा. शेवटी बाजूने लांब उभं राहून ट्रेलर बघा, सपाट किंवा नाकाकडे जरासा खाली झुकलेला चालेल, नाक वर असेल तर बॉल खाली घ्या.

बार चढवताना पान्हा घेऊन जोर लावू नका. कपलर बॉलवर बसवून लॉक करा, मग टंग जॅकने दांडा वर उचला, ट्रकची मागची बाजूही बरोबर वर येते, बार हाताने सहज जागेवर बसतात. त्या ताणात बऱ्यापैकी जोर साठलेला असतो, हँडल निसटलं तर हात मोडतो, तोंड बाजूला ठेवा. सगळे बोल्ट टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याला आवळा, पहिल्या प्रवासानंतर पुन्हा. हे काम "हाताला घट्ट लागतंय" यावर सोडायचं नाही.

प्रश्न : वायोमिंगमधून येताना आय-८० वर ट्रेलर असा डुलला की बायकोने आता ट्रेलर विका म्हणून हट्ट धरलाय. आमची हिच चांगल्यातली आहे. मग असं का? (डेन्व्हर, कोलोरॅडो)

उत्तर : वहिनींना आधी सांगा की त्या पट्ट्यात, लॅरमी ते रॉलिन्सच्या मधे, वारा एवढा असतो की तिथलं वाहतूक खातं हलक्या उंच गाड्यांना रस्ताच बंद करतं. विंड वॉर्निंग लागलं असेल तर ट्रक स्टॉपमधे चहा करत बसायचं, त्यात काही कमीपणा नाही.

आता तुमचं. मेलमधे तुम्ही लिहिलंय की मागच्या बंपरवर चार सायकलींचा रॅक आहे आणि स्वयंपाकाचं सगळं मागच्या बंकखाली. इथेच दुखणं आहे. बैलगाडी उलाळ भरली तर बैलांच्या मानेवर जू टिकत नाही, तसंच हे. मागे भार टाकलात म्हणजे टंग हलकं झालं, १० टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर स्वतःहून डुलायला लागतो आणि जगातली कुठलीही हिच ते पूर्ण लपवू शकत नाही, फक्त उशिरा कळतं. सामानातलं ६० टक्के एक्सलच्या पुढे हवं. सायकली ट्रकच्या बेडमधे घ्या, डबे-भांडी पुढे आणा, टायरमधली हवा बघा, आणि वेग कमी करा. बऱ्याच ट्रेलर टायरना ६५ मैलांचीच मर्यादा असते, कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला ५५ च्या वर परवानगीच नाही.

आणि पुन्हा डुलला तर ब्रेकवर पाय मारू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवून सरळ करायला जाऊ नका, ट्रेलरच्या लयीशी तुमची लय जुळली की संपलं. स्टिअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा, आणि ब्रेक कंट्रोलरची छोटी कळ हाताने दाबून नुसते ट्रेलरचे ब्रेक लावा, तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. ही कळ कुठे आहे ते घरच्या रस्त्यावर वीस मैलांच्या वेगात दाबून बघून ठेवा, आणि वहिनींनाही दाखवा, बाजूच्या सीटवरूनही हात पोचतो.

प्रश्न : वळताना हिच इतकी किरकिरते की कॅम्पग्राउंडमधले लोक वळून बघतात. (टँपा, फ्लोरिडा)

उत्तर : घर्षणावर चालणारी हिच म्हणजे आवाज येणारच. पण कुठे ग्रीस लावायचं हे मॅन्युअल बघूनच, बॉलला थोडं आणि बारच्या सॉकेटमधे चालतं बऱ्याच मॉडेलना, पण जिथे घासून डुलणं थांबतं तिथे ग्रीस लावलंत तर आवाजही गेला आणि हिचही गेली. ब्रॅकेटवर लावायचे प्लास्टिकचे पॅड मिळतात. आणि रस्त्याहून खूप उंच-सखल ड्राइव्हवेत शिरायचं असेल तर बार आधी काढा.

प्रश्न : आम्ही जर्मनीत असतो, कॅराव्हॅन भाड्याने घेतो. असली हिच इथे कधी दिसली नाही. तुम्ही अमेरिकेतले लोक उगाच भारी करता का सगळं? (म्युनिक)

उत्तर : थोडं करतोच. पण तुमचे कॅराव्हॅन हलके असतात, दांड्यावरचा भार ७५ ते १०० किलोच्या आसपास ठेवलेला असतो, एक्सल जवळजवळ मधोमध, आणि वेगाची मर्यादा ८०, फार तर १०० किलोमीटर. तिथे आलकोचा स्टॅबिलायझर बॉलला धरून घर्षण देतो, तेवढं पुरतं. आमच्याकडे ४०० किलोचं टंग आणि ताशी शंभराच्या वर वेग, म्हणून हे लोखंड.

प्रश्न : आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेत, यलोस्टोनला घेऊन जायचंय. ट्रकमधे मागे तिघं दाटीत बसण्यापेक्षा ते ट्रेलरमधे पलंगावर आडवे होऊन आले तर? बाबांचे गुडघे दुखतात. (सिअ‍ॅटल, वॉशिंग्टन)

उत्तर : नाही. कितीही दाटी झाली तरी नाही. बऱ्याच राज्यांत चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमधे माणूस बसवणं बेकायदेशीर आहे, कॅलिफोर्नियात तर आहेच, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आत सीटबेल्ट नाही, भिंती पातळ, आणि मागच्या टोकाला हिसके ट्रकपेक्षा कितीतरी जास्त.

बाबांना पुढच्या सीटवर बसवा, सीट पूर्ण मागे, तुमची मंडळी मागे आईंजवळ. आता हिशेब बदलला हे लक्षात घ्या, दोन मोठी माणसं म्हणजे तीनेकशे पौंड पेलोडमधून गेले, आणि मागच्या सीटवरचं बरंचसं वजन मागच्या एक्सलवर जातं. बेड रिकामा करा, पाण्याची टाकी एक्सलच्या पुढे असेल तर रिकामी ठेवून निघा, कॅम्पग्राउंडला पोचून भरा. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना बसवून कॅट स्केलवर एक चक्कर मारा, आणि पुढच्या फेंडरची उंची पुन्हा मोजा, कारण दोन माणसं वाढली की आधीचं सेटिंग चालेलच असं नाही. वाटेत दर दोन तासांनी थांबा, बाबांचे गुडघे मोकळे होतील तोवर तुम्ही कपलरची लॅच, बारच्या पिना आणि सेफ्टी चेन बघून घ्या, आणि ट्रेलरच्या टायरजवळ हात नेऊन एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय का ते बघा.